घ्यायचं की विकायचं?

चाळिशी ओलांडल्यावर मी चिनी शिकायला घेतली ती हौसेखातर नव्हे, मोटारींसाठी. रस्त्यावरच्या नव्हेत, तळहातावर मावणाऱ्या डीसी मोटारी. बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये दर दुसऱ्या इमारतीच्या तळमजल्यावर कॅफे आणि वर स्टार्टअप असतो. तशाच एका वरच्या मजल्यावर मी खरेदी सांभाळते. आमच्या मोटारी, कनेक्टर, स्विच सगळं शेन्झेन आणि डोंगग्वानकडून येतं. जून २०२० मध्ये सरकारने ५९ चिनी अॅप बंद केली, त्यात विचॅटही गेलं, आणि एका ओळीच्या मेसेजवर उरकणारी कामं फोनवर आली. पलीकडच्या माणसाचं इंग्रजी आणि माझं चिनी यांत कुणीतरी पुढं सरकायला हवं होतं. मी सरकले.

मँडरिनमध्ये चार सूर असतात आणि पाचवा एक हलका, बिनसुराचा उच्चार. पहिला उंच आणि सपाट. दुसरा खालून वर जाणारा. तिसरा खाली बसलेला. चौथा वरून धाडकन खाली. ‘माय’ हे अक्षर तिसऱ्या सुरात म्हटलं तर विकत घेणं, चौथ्या सुरात म्हटलं तर विकणं. खरेदी बघणाऱ्या बाईला याहून मोठी धमकी काय असणार!

प्रौढपणी हे सूर शिकण्यावरचं बहुतेक संशोधन इंग्रजी बोलणाऱ्यांवर झालं आहे. ते वाचत वाचत आणि स्वतः धडपडत जे हाती लागलं ते इथं मांडते.

१. जीभ नंतर, कान आधी

शिकवणीच्या पहिल्याच दिवशी सगळे बोलायला लागतात. मी आता नवशिक्यांना सांगते, थोडे दिवस तोंड बंद ठेवा. १९९९ मध्ये युए वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनीचे प्राथमिक धडे घेणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना दोन आठवड्यांत आठ बैठकांचा सराव दिला. सराव अगदी रुक्ष: एक अक्षर ऐकायचं, सूर ओळखायचा, बरोबर की चूक ते लगेच कळायचं, पुढचं अक्षर. ओळखण्याची अचूकता २१ टक्क्यांनी वाढली आणि सहा महिन्यांनंतरही टिकून होती. मला जास्त आवडली ती पुढची गोष्ट. बोलण्याचा वेगळा सराव न देताही त्यांचे उच्चार सुधारले होते.

माझा हा सराव अगरा तळ्याभोवती चालला. सकाळी एका कानात इअरफोन, हाताची बोटं मांडीवर. पहिला सूर आला की एक बोट, चौथा आला की चार. मग अॅपचं उत्तर. दुसरा कान मोकळा, कारण मागून धावणारे लोक इथं घंटी वाजवत नाहीत. समोरून येणारी माणसं माझ्या बोटांकडे पाहायची. जप चाललाय असं त्यांना वाटत असावं.

२. सूर म्हणजे मूड नव्हे

मराठीत आपण ‘हो’ किती तऱ्हांनी म्हणतो. कंटाळून, विचारून, टोमणा मारून, रागावून. आवाज चढला की प्रश्न, आपटला की राग, हे हिशेब आपल्या डोक्यात जन्मापासून पक्के. चिनी शिकताना हाच हिशेब आडवा येतो. चौथा सूर आपल्या कानाला डाफरल्यासारखा वाटतो, म्हणून सभ्य माणूस तो नकळत मऊ करतो, आणि मऊ केला की शब्दच बदलतो. प्रश्न विचारताना शेवटचं अक्षर आपोआप वर जातं, आणि खाली पडायला हवा तो शब्द वर चढून भलताच होतो.

मी स्वयंपाकघरात चौथ्या सुराची उजळणी करत होते तेव्हा मिरजेहून आईचा फोन आला. चुकून स्पीकर चालू राहिला. “अगं, कुणाशी भांडतेयस? जावईबापू घरी आहेत ना?” मी सांगितलं, नाही गं, ‘होय’, ‘धन्यवाद’ आणि ‘पुन्हा भेटू’ म्हणतेय. तिला ते आजही पटलेलं नाही. (तिन्हींत चौथा सूर आहे, मी काय करू?)

मग चिनी माणूस प्रश्न विचारतो कसा? रागावतो कसा? चिनी सुरांना एक ते पाच अशा पायऱ्यांवर बसवणारे भाषाशास्त्रज्ञ युएन रेन चाओ यांनी याचं उत्तर दिलं आहे: वाक्याचा चढउतार म्हणजे मोठी लाट आणि अक्षराचा सूर म्हणजे तिच्यावर स्वार झालेली लहान लाट. वाक्य सगळंच वर उचललं जातं, पण आतला चौथा सूर तरीही पडतोच. अंगवळणी पडायला सर्वांत अवघड हेच.

सुराने अर्थ पालटतो हे खरं तर आपल्याला नवं नाही. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला; ‘इंद्रशत्रु’ या शब्दातला उदात्त सूर भलत्या अक्षरावर पडला; ‘इंद्राचा मारणारा’ऐवजी ‘इंद्र ज्याचा मारणारा’ असा अर्थ झाला आणि तो पुत्र, वृत्रच, मारला गेला. व्याकरण शिकवणारे ही गोष्ट पतंजलीच्या काळापासून सांगत आले आहेत. फक्त तो सूर आपण पाठशाळेत ठेवून दिला आणि बाजारात बिनसुराने बोलायला लागलो.

३. गाणं येतं म्हणून चिनी येत नाही

मिरजेत वाढलेल्या पोरीला सतार-तंबोऱ्यांच्या गल्लीतून शाळेत जावं लागतं. गांधर्व महाविद्यालयाच्या सुरुवातीच्या परीक्षाही दिलेल्या. त्यामुळे ऑफिसात सगळ्यांचं एकच: तुमचा कान तयार आहे, तुम्हाला काय अवघड!

त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. २००७ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पॅट्रिक वाँग, नीना क्राउस आणि सहकाऱ्यांनी वादकांना आणि बिगरवादकांना चिनी सुरातलं ‘मी’ हे अक्षर ऐकवलं. कुणालाच चिनी येत नव्हती. समोर चित्रपट चालू होता, अक्षराकडे लक्ष द्यायचीही गरज नव्हती. तरी वादकांचा मेंदूस्तंभ, म्हणजे कानाकडून आलेला आवाज पुढे पाठवणारा मेंदूचा तळातला भाग, सुराची चाल अधिक नेमकी टिपत होता. रियाज वाया जात नाही तो असा.

पण गाण्यात आपल्याला षड्ज दिलेला असतो. तंबोरा मागे वाजत असतो, सगळं त्याच्याशी मोजायचं. चिनी माणूस षड्ज देत नाही. लहानखुऱ्या बाईचा तिसरा सूर एखाद्या धिप्पाड माणसाच्या पहिल्यापेक्षा उंच असू शकतो. प्रत्येकाचा ‘सा’ त्याच्या पहिल्या दोन-चार अक्षरांत ओळखायचा आणि मग सूर मोजायचा. शिवाय किती उंच याच्याइतकंच कुठे चाललाय हेही महत्त्वाचं. जॅक गँडूर यांनी १९८३ मध्ये दाखवलं की इंग्रजी बोलणारे उंचीकडे जास्त लक्ष देतात, तर मातृभाषेतच सूर असलेले लोक दिशेकडे. मींड ऐकायची सवय असेल तर दिशा पकडायला मदत होते, एवढं मी खात्रीने म्हणेन.

आणि मुख्य अडचण वेगळीच आहे. मला सूर ऐकू येत होता, अगदी लख्ख. पण तो गाण्यातला सूर म्हणून. शब्दाबरोबर तो लक्षातच राहत नव्हता. ‘माय’ आठवायचं, सूर आठवायचा नाही. वाँग यांच्याच त्या वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात याचा माग लागतो. अक्षरांवर सूर चढवून बनवलेले नवे शब्द इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना शिकवले. ज्यांना जमलं त्यांच्या मेंदूत डाव्या कानशिलामागचा, बोललेला शब्द ऐकणारा भाग जास्त कामाला लागला. ज्यांना नीट जमलं नाही त्यांचे उजवीकडचे भाग राबत राहिले, शब्दाशी संबंध नसलेला सूर आपण ज्यांनी ऐकतो ते. हे वाचलं तेव्हा माझ्या सगळ्या परीक्षांची प्रमाणपत्रं डोळ्यांसमोर आली. सुराचं बिऱ्हाड उजवीकडून डावीकडे हलवायचं होतं, आणि त्यासाठी आणखी गाऊन उपयोग नव्हता. मी शब्दांच्या यादीत सूर वेगळ्या रकान्यात लिहायचं बंद केलं. शब्द सुरासकट आठवला नाही तर तो आलाच नाही, असं धरायला लागले.

४. एकाच आवाजाची सवय नको, पण पहिल्याच दिवशी गर्दीतही उतरू नका

माझ्या लाओशी, म्हणजे बाई, हार्बिनच्या. त्यांचं बोलणं इतकं स्वच्छ की त्यांच्यासमोर मला सगळं कळतं आणि डोंगग्वानच्या गोदामातला माणूस बोलायला लागला की काहीच नाही. म्हणून अनेक आवाज ऐकावेत, असं सगळे सांगतात आणि वांग यांच्या सरावातही आवाज वेगवेगळे होते. पण २०११ मध्ये टायलर पेराकिओन आणि सहकाऱ्यांनी यातली गोम दाखवली. सूर पकडण्यात जे मुळातच तेज होते त्यांना अनेक आवाजांची सरमिसळ मानवली. जे कच्चे होते त्यांची तिने उलट पंचाईत केली. एका वेळी एकच आवाज सलग दिला तर कच्च्यांनाही सोपं गेलं. तेव्हा आठवडाभर एक आवाज, पुढच्या आठवड्यात दुसरा. अॅप बनवणाऱ्यांना हे अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्यांची अॅप पहिल्या दिवसापासून पाच माणसं अंगावर सोडतात.

५. मेंदू मागून येतो

‘मेंदू बदलतो’ हे वाक्य आजकाल फारच स्वस्त झालंय. आमच्या भागात तर ते कॅफेच्या भिंतीवरही लिहिलेलं असतं. काय बदलतं ते नीट बघावं.

२००३ मध्ये वांग यांच्या गटाने सहा अमेरिकन विद्यार्थ्यांचं सरावाआधी आणि सरावानंतर एफएमआरआय केलं. सूर ओळखताना डाव्या कानशिलामागचा भाषेचा भाग आधीही जागा होत होता. सरावानंतर त्याची व्याप्ती वाढली, शेजारचा श्रवणाचा भाग नव्याने सामील झाला आणि उजव्या बाजूला पुढचा एक भागही. म्हणजे नवं इंद्रिय उगवलं नाही. जुन्या जागेत जास्त माणसं कामाला लागली. सहाच जण, हे विसरू नये. त्यावरून साऱ्या मानवजातीबद्दल बोलणाऱ्यांपासून लांब राहावं.

माझ्या मते सर्वांत कामाचा अभ्यास २०१८चा आहे, भरत चंद्रशेखरन यांच्या गटाचा. त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना चिनी माणसाच्या बरोबरीने सूर ओळखता येईपर्यंत सराव दिला, आणि मग थांबवलं नाही, पुढेही घासायला लावलं. दरम्यान मेंदू तो आवाज किती नेमका टिपतो हे डोक्याला लावलेल्या तारांनी मोजत राहिले. निष्कर्ष असा की माणसाला सूर आधी ओळखता येऊ लागला आणि कच्चा आवाज टिपण्यातली सुधारणा त्याच्या मागून आली. मग मात्र ती सराव बंद केल्यावर आठ आठवड्यांनीही टिकली.

म्हणजे कान तयार होईल आणि मग मला जमेल, असं म्हणत बसण्यात अर्थ नाही. आधी चक्क आकडेमोड करायची: वर गेला, दुसरा, पडला, चौथा. हे यांत्रिक वाटतं, पोरखेळ वाटतो. पण आकडेमोड मागे पडून शब्द थेट ऐकू यायला लागण्याआधी तीच करावी लागते. आणि जमायला लागल्यावर सराव सोडायचा नाही, कारण खोलवरचं काम तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं. बहुतेक लोक नेमकं तिथंच सोडतात.

आखूड वाटही निघाली आहे म्हणे. २०२०च्या एका अभ्यासात बाहेरच्या कानावरून व्हेगस नसेला हलका विद्युतप्रवाह देत सूर शिकवले. सोपे सूर ओळखण्यात सरासरी १३ टक्क्यांचा फायदा झाला. अवघड सुरांत नाही. अवघडच राहणार असतील तर कानाला चिमटे कशाला लावायचे?

६. मराठी माणसाला काय फुकट मिळतं

याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून बोलते. रोमन लिपीत चिनी लिहिलेलं वाचलं की बी, डी, जी दिसतात आणि आपण ब, ड, ग म्हणतो. ते चूक. तिथं प, त, क असतात. आणि पी, टी, के म्हणजे आपले महाप्राण फ, थ, ख. बीजिंग नव्हे, पेइचिंग. इंग्रजी बोलणाऱ्याला हा अल्पप्राण-महाप्राण फरक मुद्दाम शिकावा लागतो, आपण तो बाराखडीत गिरवला आहे. त्याहून गंमत म्हणजे ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च. मराठी लिपी दोघांना एकच अक्षर देते, पण कान कधी चुकत नाही. चिनीत हे दोन्ही च आहेत, वेगळे मोजलेले. माझ्या बरोबरीचे दिल्ली-लखनौचे विद्यार्थी त्या दुसऱ्या च पाशी अडखळत होते.

व्यंजनं अशी पटकन मिटली की सगळं लक्ष सुरांना देता येतं.

७. तिसरा सूर खड्ड्यात घालू नका

पुस्तकात तो खाली जाऊन पुन्हा वर येताना काढलेला असतो. तो तसा फक्त एकटा असताना किंवा वाक्याच्या शेवटी. एरवी नुसता खाली बसलेला. आणि दोन तिसरे शेजारी आले की पहिला दुसऱ्या सुरात जातो. ‘नी हाओ’तला ‘नी’ म्हणूनच वर चढतो. दुसरा आणि तिसरा यांतला घोळ सगळ्यांत शेवटी सुटतो. माझा फोनवर अजून पुरता सुटलेला नाही.

८. चार की दहा

लाओशींच्या हार्बिनी उच्चारात चार म्हणजे ‘स्स’ आणि दहा म्हणजे ‘षर्र’. व्यंजनावरून सहज कळतं, सुराकडे लक्ष द्यायची गरजच वाटत नाही. पण आमचा सगळा माल दक्षिणेचा, आणि दक्षिणेतल्या अनेकांच्या तोंडी ष आणि स यांचा भेदच नाही. तिथं दोन्ही ‘स्स’. चौथ्या सुरात पडला तर चार, दुसऱ्या सुरात चढला तर दहा. एका कनेक्टरचा भाव चार युआन की दहा, हे सर्वस्वी त्या एका अक्षराच्या चालीवर. गोदामातली एक मुलगी व्हिडिओवर असली तर दहासाठी दोन तर्जन्यांची फुली करून दाखवते. व्हॉइस नोट असली तर मी ती अर्ध्या वेगाने ऐकते. अर्ध्या वेगात स्वर जाड होतात, पण सुराची चाल कायम राहते. सुरांचं मोल कुणाला पटत नसेल तर त्याला कविता ऐकवू नका, दरपत्रक ऐकवा.

९. शेजारी ऐका

सूर चीनमध्येच असतात असं नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे पंजाबी गृहस्थ ज्याला ‘पाजी’ म्हणतात तो लिहिताना ‘भाजी’ असतो. भचा महाप्राण गेला आणि त्याच्या जागी खालचा सूर राहिला. ‘घोडा’ही तसाच, आपल्याला ‘कोडा’ ऐकू येतो. सत्ताविसाव्या मेन रोडवरच्या पार्लरमध्ये मिझो मुली आपसात बोलतात त्या भाषेत चार सूर आहेत. मणिपुरीतही सूर आहेत. केस कापून घेताना मी डोळे मिटून नुसती चाल ऐकत बसते.

आणि कन्नड. तिच्यात सूर नाहीत, पण ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे आहेत, जे मराठी कान वेगळे धरत नाही. ‘केरे’ आखूड म्हटलं तर तळं. पहिला ए ताणला तर धामण. अगरा केरेच्या फाटकावरचे अण्णा पुण्याहून आलेल्या पोरांना यावरून हसतात. ज्या गावात राहतो तिथल्या भाषेतला फरक ऐकायला शिकणं आणि चिनी सूर ऐकायला शिकणं, डोक्याला कसरत एकाच जातीची आहे. मी दोन्ही एकत्रच करते.

१०. सोलापूरचा विद्यार्थी

प्रौढपणी चिनी शिकलेला आपला सर्वांत मोठा माणूस म्हणजे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १९१० चा, सोलापूरचा. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले तेव्हा विशी सरत आली होती. ना अॅप, ना एफएमआरआय. युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करता करता भाषा शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांना तीत शिकवलं, को छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी गेले. जखमी सैनिकाला कुठे दुखतंय हे विचारताना उत्तर बरोबर ऐकावंच लागतं. असा सराव कुठल्या प्रयोगशाळेत मिळणार?

त्यांचं चिनी नाव ख ती-ह्वा. पहिला सूर, चौथा, दुसरा: उंच सपाट, धाडकन खाली, मग वर. मुलाचं नाव यिन-ह्वा, म्हणजे भारत आणि चीन. चौथा आणि दुसरा. ही दोन नावं मी रोज सकाळी म्हणते. मराठी माणसाला सरावासाठी याहून जवळचे शब्द मिळायचे नाहीत.

११. कीबोर्ड सूर खातो

फोनवर चिनी टाइप करताना सूर घालावाच लागत नाही. रोमन अक्षरं दाबायची, खाली चित्राक्षरांची रांग येते, हवं ते निवडायचं. ‘माय’ टाइप केलं की घेणं आणि विकणं शेजारी शेजारी उभी राहतात. डोळे निवडतात, कानाला सुट्टी. नुसतं टाइप करून चिनी शिकलेली माणसं मला भेटली आहेत. वाचतात फर्मास, बोलायला लागली की समोरचा ‘आं?’ करतो. म्हणून ऑर्डरचे आकडे, तारखा, पत्ते मी टाइपच करते, तिथं धोका नको. पण भाव खाली आणायचा असला की फोन लावते. तिकडची मुलगी माझे सूर ऐकून आधी खुदकन हसते, मग एक-दोन टक्के सोडते.